खिडकीची खोली

अँतिग्वा गावात परदेशी पोरापोरींना स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळा गल्लोगल्ली आहेत, आणि त्या पोरांना घरात ठेवून घेऊन जेवूखाऊ घालणाऱ्या बायकाही गल्लोगल्ली आहेत. पण डोन्या ओदिलियाच्या, म्हणजे ओदिलियाबाईच्या, घराचा बोलबाला वेगळाच होता. पहिल्या दिवशी शाळेच्या अंगणात नवी मंडळी एकमेकांना विचारायची, तुला कुठलं घर मिळालं? ज्याला ओदिलियाचं मिळालेलं असे त्याच्याकडे जुने विद्यार्थी असे बघत, जणू त्याला लॉटरी लागली. तिच्या हातचा काळा घेवडा खाऊन गेलेली माणसं चार-चार वर्षांनी पत्र पाठवून विचारायची, त्यात नक्की काय घालत होतीस? ती काहीच घालत नव्हती. मीठ, कांदा, लसूण. पण तसं सांगितलं तर त्यांचा हिरमोड होईल, म्हणून ती उत्तर द्यायची की आमच्या डोंगराच्या मातीचा गुण आहे.

घर तसं लहानच. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, मधे अंगण, अंगणात धुण्याचा सिमेंटचा हौद आणि हौदावर ओणवी झालेली बोगनवेल. दोन खोल्यांतली एक स्वयंपाकघराला चिकटून, अंधारी, धुराच्या वासाची. दुसरी रस्त्याकडची. तिला लोखंडी गजांची मोठी खिडकी, आणि खिडकीत बसलं की समोर ‘पाण्याचा डोंगर’ म्हणतात तो थंड झालेला ज्वालामुखी उभा. ही खिडकीची खोली मिरनाची. मिरना म्हणजे ओदिलियाची एकुलती एक मुलगी. तिचा बाप आर्नुल्फो राजधानीच्या रस्त्यावर बस चालवायचा. बस रंगवून उरलेल्या पोपटी रंगानं त्यानं लेकीची खोली रंगवून टाकली होती. भिंती अशा चकाकायच्या, की शेजारची डोन्या चोली दारातूनच विचारायची, आत यायला तिकीट काढावं लागतं का?

मिरना आठ वर्षांची असताना पावसाळ्यात एका उतारावर त्या बसचे ब्रेक गेले, आणि बसबरोबर आर्नुल्फोही गेला. वर्षभर ओदिलियानं लोकांचे कपडे धुतले. मग एक दिवस शाळेची रेबेका घर बघायला आली. शाळेची पोरं कुणाच्या घरी ठेवायची हे तिच्या हातात होतं आणि तिच्या अटी पक्क्या होत्या. पाहुण्याला स्वतंत्र खोली हवी, खिडकी हवी, टेबल-दिवा हवा, दाराला कुलूप हवं. अंधारी खोली तिनं उंबऱ्यावरूनच बघितली आणि पाठ फिरवली. पोपटी खोलीत मात्र ती दोन मिनिटं उभी राहिली, खिडकीतून डोंगर बघितला आणि हसली.

त्या संध्याकाळी ओदिलियानं लेकीला हौदाच्या कठड्यावर बसवून समजावलं, की पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, तोवर तू माझ्याजवळ झोप. नऊ वर्षांची मिरना म्हणाली, "काळजी नको, आई."

आता या गावात हे दोन शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडतात. कुणी पायावर पाय दिला आणि माफी मागितली, की म्हणायचं काळजी नको. पाहुणा तीन तास उशिरा आला, कोंबडी करपून कोळसा झाली, तरी काळजी नको. चोर घरात शिरला आणि म्हणाला माफ करा हो, चुकून आलो, तर त्यालाही तेच म्हणून वर कॉफी विचारतील अशी ही माणसं. तोंडावर नाही म्हणणं, त्यातून परक्यासमोर, हे इथे ताटात थुंकण्याइतकं वाईट दिसतं. म्हणून ऐकणाऱ्यानं समोरच्याच्या डोळ्यांत बघून ओळखायचं असतं, की याची खरंच हरकत नाही की याच्या मनात आग पेटली आहे. शेंबड्या पोरांनाही ते कळतं. ओदिलियाला तर साऱ्या गावाचं कळायचं.

पंधरा दिवसांची अठरा वर्षं झाली.

त्या अठरा वर्षांत काय काय माणसं येऊन गेली त्या घरात. पहिला आला तो लोटार नावाचा जर्मन, ताडासारखा उंच. रोज सकाळी खोलीतून बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर कपाळ आपटायचा आणि रोज चौकटीचीच माफी मागायचा. चौथ्या दिवशी ओदिलियानं जुन्या उशीचा एक तुकडा शिवून चौकटीला खिळ्यांनी ठोकला. याच लोटारनं दर शनिवारी घरी यायचा रस्ता बदलला. लांबचा वळसा घालून मागच्या गल्लीनं यायचा, विचारलं की लाल व्हायचा. तीन आठवड्यांनी त्याच्या शिक्षिकेनं कबुली काढली. डोन्या चोली शनिवारी मक्याच्या पिठाचे, पानात बांधून उकडलेले तमाल विकायची, आणि तमाल तयार आहेत हे कळावं म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे दारावर लाल दिवा लावायची. लोटारला वाटलं, ही बाई भलताच धंदा करते. चोलीला हे कळल्यावर ती महिनाभर हसत होती. जो येईल त्याला सांगायची, "साठी उलटली माझी, पण जर्मनीत अजून भाव आहे बघा."

मग शिगेको नावाची सत्तरीची जपानी बाई आली. जेवण झालं की ती आपली ताटली आपण घासायची. पाहुणी ताटली घासते म्हणजे घरच्या बाईचं नाकच कापलं, म्हणून ओदिलिया ती हिसकावून घ्यायची. दोघींची हौदापाशी न बोलता रोज झटापट व्हायची, दोघीही हसत, दोघीही सोडायला तयार नाहीत. शेवटी दोन ताटल्या फुटल्या तेव्हा तह झाला. आणि जेवून उठताना सगळ्यांना धन्यवाद म्हणायचं, मग बसलेल्यांनी अंगी लागो म्हणायचं, ही रीत तर प्रत्येकाला मिरनानंच शिकवली. दहा वर्षांची पोर तीस वर्षांच्या डॉक्टरला परत बसवायची आणि म्हणायची, "पुन्हा उठा. नीट उठा. आता म्हणा." लोक खूश व्हायचे. अशी मुलगी, असं घर! जाताना रडायचे. भिंतीवर त्यांचे फोटो लागायचे. नाताळात पत्रांचा ढीग यायचा, ओदिलिया तो मांडीवर घेऊन बसायची, आणि त्या दिवशी तिच्या गालांवर वेगळाच रंग चढायचा.

या सगळ्यात मिरना झोपायची आईच्या पलंगावर, भिंतीकडच्या बाजूला. अभ्यास इस्त्रीच्या टेबलावर. आपलं काही हवं असलं तर आपल्याच खोलीचं दार वाजवून मागायची, आणि आतल्या माणसाला आधी विचारायची, त्रास तर नाही ना झाला? पंधरावा वाढदिवस म्हणजे इथे मुलीच्या आयुष्यातला लग्नाखालोखाल मोठा दिवस. त्या दिवशी खिडकीच्या खोलीत एक स्वीडिश मुलगी पोट बिघडून पडली होती. मिरनानं तो गुलाबी, तीन झालरींचा झगा स्वयंपाकघरात घातला, चुलीपासून झालर सांभाळत. आरसा खोलीत होता. केस कसे झाले ते तिनं पातेल्याच्या झाकणात बघितलं.

चोली तेव्हा तमालाची पानं पुसत बसली होती. ती म्हणाली, "ओदिलिया, तुझी पोरगी परदेशी असती ना, तर तिला खोली मिळाली असती."

सगळ्या बायका हसल्या. मिरनाही हसली. म्हणून ओदिलियाही हसली.

आणि खरं सांगायचं तर ओदिलियाचं लेकीवर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणेल तर ते खोटं ठरेल. पाहुण्यांच्या जोरावरच मिरना शिकली, राजधानीत औषधाच्या दुकानात नोकरीला लागली. फक्त पाहुणा आज आहे, उद्या जाणार, त्याला आज जपायला हवं. आणि मुलगी कुठे जाते? ती आहेच. हा हिशेब ओदिलियानं मुद्दाम कधी केला नाही, तो आपोआपच होत गेला.

मिरनाचं लग्न झालं ते सान हुआनच्या सेल्विनशी. सान हुआन म्हणजे पाण्याच्या डोंगराच्या पायथ्याचं गाव, अँतिग्वाहून बसनं पाव तास. सेल्विन फ्रीज दुरुस्त करायचा, अबोल माणूस, सासूसमोर तर बोलतच नसे. दोघं राजधानीत एका भाड्याच्या खोलीत राहायची. सव्विसाव्या वर्षी मिरनाला दिवस गेले, तेव्हा पहिली गोष्ट ठरली ती ही, की बाळंतपणाचे चाळीस दिवस आईकडे.

चाळीस दिवसांचं महत्त्व आपल्याला काय सांगायचं. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्यात हात घालू द्यायचा नाही, रोज गावठी कोंबडीचा रस्सा, आणि तिला कुणी उठवायचं नाही. ओदिलिया फोनवर म्हणाली, "आणि तुझ्याच खोलीत. खिडकीत बसून पाजशील बाळाला."

पलीकडून मिरना म्हणाली, "खरंच?"

"म्हणजे काय? तुझी खोली आहे."

त्या दिवसापासून मिरना बदलली. दर रविवारी फोन करून विचारायची, पलंग खिडकीकडे सरकवता येईल का, पाळणा कुठल्या कोपऱ्यात ठेवू, उशीचा तो तुकडा अजून चौकटीवर आहे का. पडद्यासाठी तिनं पिवळं कापड घेऊन ठेवलं. सत्तावीस वर्षांची बाई, पण एखाद्या नऊ वर्षांच्या मुलीला जत्रेला नेणार म्हणावं तसं तिचं चाललं होतं. ओदिलिया चोलीला सांगायची आणि हसायची. चोली हसली नाही. "ओदिलिया, या वेळी शब्द पाळ हो," एवढंच ती म्हणाली.

नोव्हेंबरच्या वीस तारखेच्या सुमारास बाळ येणार होतं. ऑक्टोबरच्या शेवटी रेबेकाचा फोन आला. हानेके नावाची एक डच मुलगी होती, आधीच्या घरातल्या मांजरांमुळे तिला शिंकांनी बेजार केलं होतं, दुसरं घर मिळेना. दोनच आठवडे. दहा तारखेला ती जाणार, बाळ त्यानंतर येणार. ओदिलियानं बोटांवर दिवस मोजले आणि हो म्हणून टाकलं. मिरनाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतंच काय, ती यायच्या आत खोली मोकळी होणार होती.

हानेके गुणी निघाली. लांब हातपाय, गालावर ठिपके, आणि जे मनात तेच तोंडावर. पहिल्याच जेवणाला तिनं सांगितलं की घेवडा छान आहे पण पपई मला आवडत नाही. ओदिलिया थक्क झाली. साठेक माणसं जेवून गेली, कुणी असं बोललं नव्हतं. पण राग येण्याऐवजी तिला त्या मुलीचा लळाच लागला. एक तारखेला, मृतांना भेटायला जायच्या सणाला, हानेके तिच्याबरोबर स्मशानात आली, आर्नुल्फोच्या थडग्यावर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या, त्याचं नाव नीट उच्चारलं.

आठ तारखेला संध्याकाळी ओदिलिया मक्याच्या तोर्तिया भाजत असताना हानेके स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, मी अजून चार आठवडे शिकावं म्हणते. इथेच राहू शकते का? रेबेका म्हणाली तुम्हालाच विचारावं. अडचण असेल तर सांगा, मी दुसरीकडे बघते.

तिनं विचारलं होतं, अगदी स्वच्छ विचारलं होतं. ओदिलियाच्या जिभेवर आलंही होतं, की माझी मुलगी येणार आहे, तिची खोली आहे. पण समोर ती मुलगी अशी आशेनं उभी, आणि ओदिलियाच्या तोंडाला अठरा वर्षांचं वळण.

"काळजी नको, बाळा," ती म्हणाली. "हे तुझंच घर आहे."

मग तिनं मनाशी ठरवलं की उद्या सांगू. नऊ तारखेला हानेकेची परीक्षा होती, म्हणून राहिलं. दहाला ओदिलियाचं डोकं दुखत होतं. अकराला पहाटे राजधानीतून सेल्विनचा फोन आला, की मुलगी झाली, नऊ दिवस आधीच, दोघी बऱ्या आहेत, परवा दवाखान्यातून सोडतील, थेट तिकडेच आणतो.

दोन दिवस होते. एवढ्या वेळात खोली रिकामी करून, पुसून, वर पाळणाही बांधून झाला असता. पण ओदिलियानं कोंबडी आणली, जडीबुटी आणली, चोलीकडून पाळणा आणला आणि तो आपल्या अंधाऱ्या खोलीत ठेवला. तिनं स्वतःची अशी समजूत घातली होती, की चारच आठवडे, आणि बाळंतिणीला आईची ऊब लागते, खिडकीतून तर उलट वाराच यायचा.

सेल्विननं कुणाचातरी पिकअप मागून आणला होता. मिरना उतरली, एक हात भिंतीला धरून हळूहळू चालत आली, टाके दुखत होते. बाळ सेल्विनच्या हातात. दुसऱ्या हातात तिची पिशवी, आणि पिशवीतून डोकावणारं पिवळं कापड. खिडकीच्या खोलीपाशी येऊन ती थांबली. दाराबाहेर चिखलाचे बूट होते, बेचाळीस नंबरचे.

दार उघडून हानेके बाहेर आली, ओले केस पुसत. तिनं बाळ बघितलं, मिरनाकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये तिनं विचारलं, "ही हिची खोली? मी जाते. आज जाते. दहा मिनिटं." आणि खरंच आत जाऊन तिनं पलंगाखालून पाठीवरची बॅग ओढून काढली.

ओदिलिया धावली. "छे छे, ठेव ती. काही गरज नाही. मिरनाला माझ्याजवळच झोपायची सवय आहे." आणि मग मागे वळून, अंगणात सगळे उभे असताना, ती म्हणाली, "हो ना गं? तुझी काही हरकत नाही ना?"

सेल्विन बुटांकडे बघत राहिला.

"काळजी नको, आई," मिरना म्हणाली.

ओदिलियानं तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. ती हानेकेकडे बघत होती, त्या पोरीचा चेहरा निवळला का, ते.

तीन दिवस सगळं सुरळीत चाललं असं दिसत होतं. मिरना रस्सा प्यायची, उठताना धन्यवाद म्हणायची. आईच्या पलंगावर, भिंतीकडच्या बाजूला, बाळाला मधे घेऊन झोपायची. हानेके बाळासाठी लोकरीचे मोजे घेऊन आली, तेही मिरनानं गोड हसून घेतले. ओदिलियाचा जीव भांड्यात पडला. तिला वाटलं, बघा, उगाच घाबरत होते.

चौथ्या दिवशी मिरनाची सासू आली. डोन्या निला सान हुआनात घरी चॉकलेट करायची. पाट्यावर कोको वाटून वाटून तिचे दंड एखाद्या गवंड्यासारखे झाले होते. तिनं बाळाच्या पाळण्याला बांधायला दृष्टीचा लाल दोरा आणला, बाळंतिणीसाठी चॉकलेटच्या वड्या. अंधाऱ्या खोलीच्या दारात उभं राहून तिनं एक पलंग बघितला, त्यावर तीन उशा, वर धुरानं काळवंडलेलं छत. मग रस्त्याकडच्या बंद दारावर तिची नजर गेली. ती एक शब्द वावगा बोलली नाही. विहीणबाईंच्या रश्श्याची तारीफ केली. आणि जाताजाता म्हणाली, की आमच्याकडे मातीची वाफेची न्हाणी आज तापवली आहे, कंबर शेकायला बरी, मिरनाला यायचं असेल तर सेल्विन आणेल.

"जाऊन येते, आई," मिरना म्हणाली.

ओदिलियानं स्वतः तिच्या डोक्याला रुमाल बांधून दिला. संध्याकाळ झाली, ढग आले, म्हणून ती दोरीवरचे बाळाचे कपडे काढायला अंगणात गेली, तर दोरीवर तिचे आणि हानेकेचेच कपडे होते. बाळाचा एक लंगोटही नव्हता. खोलीत जाऊन बघितलं, तर पिशवी नाही, दोरा नाही, मोजे तेवढे पलंगावर नीट घडी करून ठेवलेले.

ती पलंगाच्या काठावर बसली आणि किती वेळ बसली कुणास ठाऊक. हानेके जेवायला आली, चूल थंड बघून आत डोकावली. ओदिलियानं तेव्हा पहिल्यांदा, अठरा वर्षांत पहिल्यांदा, एका पाहुणीला खरं काय ते सांगितलं. हानेके ऐकत होती आणि तिचे ठिपक्यांचे गाल लालबुंद होत होते.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली. "दोनदा विचारलं होतं. तुम्ही का नाही सांगितलं?"

ओदिलियाकडे उत्तर होतं, पण ते परदेशी पोरीला कळलं नसतं, आणि आता तिचं तिलाही कळत नव्हतं.

हानेके दुसऱ्याच दिवशी गेली, रागानं नव्हे, रडत. ओदिलियानं खोली धुतली, पलंग खिडकीकडे सरकवला, पाळणा आणून ठेवला, आणि बसनं सान हुआन गाठलं.

निलाच्या घरामागे लुकाटच्या फळझाडांखाली एक ठेंगणी खोली, त्यात मिरना बाळाला पाजत बसली होती. तिच्या पाठीला तीन उशा. ओदिलियानं बसायच्या आधीच सांगून टाकलं, की खोली मोकळी आहे, सगळं तयार आहे, चल.

"मी रागावले नाहीये, आई," मिरना म्हणाली.

"मग चल ना."

मिरनानं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं. "ती पोरगी बॅग काढून उभी होती. तू नुसती मान हलवली असतीस तरी पुरलं असतं."

"तूच म्हणालीस, काळजी नको."

"मग काय म्हणणार होते? चार माणसांत, परक्या मुलीसमोर? तुझीच मुलगी ना मी." मिरनाचा आवाज चढला नाही. "लोटारला तिसऱ्यांदा घेवडा हवाय की नको, हे तू त्याच्या पाठीवरून ओळखायचीस, आई. माझ्या तोंडाकडे तर बघायचंस."

ओदिलियाला सांगायचं होतं की रेबेकाचा फोन ऐनवेळी आला, की दिवस चुकले, की चारच आठवडे होते.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"माहीत आहे," मिरना म्हणाली आणि आईचा हात हातात घेतला. धरून ठेवला बराच वेळ. पण उठली नाही. तेवढ्यात निला चॉकलेटचे पेले घेऊन आली, तिनं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "विहीणबाई, उभ्या का? बसा की, एवढ्या लांबून आलात."

बस पाव तासाची, त्याला लांबून म्हणाली. ओदिलिया बसली.

राहिलेले दिवस ती रोज जात राहिली, कोंबडीचा रस्सा डब्यात घालून, डबा शालीत गुंडाळून. बसमध्ये तो गार व्हायचाच. निला तो पुन्हा चुलीवर ठेवायची, आणि ओदिलिया तिच्या पाठीकडे बघत राहायची. चाळीस दिवस सरले. मिरना सान हुआनहूनच राजधानीला परत गेली. जाताना आईकडे थांबली, दुपारचं जेवली, बाळाला आजीच्या मांडीवर दिलं. खिडकीच्या खोलीचं दार मुद्दाम सताड उघडं ठेवलेलं होतं. मिरनानं जाताना आत डोकावून बघितलं. म्हणाली, छान लावलीस हं. आणि पुढे गेली.

रेबेकाला ओदिलियानं सांगून टाकलं, आता मला कुणी नको. रेबेकानं दोनदा विनवलं, चोली म्हणाली वेडी आहेस, पण ती बधली नाही. खोली तशीच राहिली, पलंग खिडकीकडे, पाळणा कोपऱ्यात. दोन वर्षांनी मिरनाला मुलगा झाला, तेव्हा ती सरळ सान हुआनलाच उतरली. कुठे जायचं हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही, ओदिलियाला विचारण्यासारखंही कुणाला काही वाटलं नाही. पुढे सेल्विननं तिथेच दुकान टाकलं. आता दर रविवारी मिरना मुलांना घेऊन यायची. प्रेमानं यायची, आईचे पाय चेपायची, औषधं लावून द्यायची. चार वाजले की उठायची.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "आई, खोली बंद ठेवून भिंतीला ओल धरलीये. पाहुणे ठेव ना परत. तुलाही सोबत होईल."

ओदिलियानं हातातलं लाटणं बाजूला ठेवलं आणि लेकीच्या डोळ्यांत बघितलं, अगदी जवळून, नीट, जसं बघायला हवं होतं तसं. ती शोधत होती. थोडा राग, थोडं दुखणं, एखादा कण तरी, ज्याला धरून म्हणता आलं असतं की नाही, ही खोली तुझी आहे, मी कुणाला देणार नाही. मिरना सहज बघत होती. मनात काहीच नव्हतं तिच्या. खरोखरच भिंतीच्या ओलीविषयीच बोलत होती ती.

जानेवारीत ओदिलियानं रेबेकाला फोन केला. पहिली आली ती सोयॉन नावाची कोरियन परिचारिका, चाळिशीतली, शांत. पहिल्या आठवड्यात शाळेत कुटुंबावरचा धडा असतो. घरी जाऊन प्रश्न विचारा, उत्तरं लिहून आणा. सोयॉन वही घेऊन स्वयंपाकघरात बसली. तुमचं नाव काय. वय काय. घरात खोल्या किती. ओदिलिया कांदा चिरत उत्तरं देत होती.

"मी राहते ती खोली आधी कोणाची होती?"

"माझ्या मुलीची."

सोयॉननं लिहिलं. मग धड्यातलं पुढचं वाक्य बोट ठेवून वाचलं. "ती घरी कधी येते?"

ओदिलियानं कांदा तेलात टाकला. "येते की," ती म्हणाली. "रविवारी. जेवायला."

सोयॉननं तेही लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि पान उलटलं.